स्पिती शेल : हिमालयातील समुद्राचा गाळ

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, काझा गावाच्या वरच्या अंगास, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर लांगझा नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावाच्या पाठीशी चाऊ चाऊ कांग निल्दा हे ६,३०० मीटरांहून उंच असे हिमशिखर उभे आहे. मोसमी पावसाचे ढग हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे क्वचितच पोहोचत असल्यामुळे ह्या भागात वृक्ष जवळजवळ नाहीतच, आणि म्हणूनच डोंगरांची रचना जणू सोलून ठेवल्याप्रमाणे स्पष्ट दिसते. गावाच्या आसपासच्या उतारांवर काळ्या, ठिसूळ, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणाऱ्या खडकाचा चुरा पसरलेला आढळतो. त्या चुऱ्यात मुठीएवढे, कधी त्याहून मोठे, टणक वाटोळे गोळे असतात. असा एखादा गोळा हातोडीने फोडला, तर तो पुष्कळदा बरोबर मधोमध दुभंगतो आणि आत चकलीसारखा वेटोळे घेतलेला, कंगोऱ्यांनी नटलेला एक शंख दृष्टीस पडतो. हा शंख ज्या प्राण्याचा आहे, तो प्राणी समुद्राखेरीज अन्यत्र कोठेही राहत नसे. लांगझापासून आजचा सर्वांत जवळचा समुद्र एक हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

ह्या काळ्या खडकास भूविज्ञानात 'स्पिती शेल' असे नाव आहे. शेल म्हणजे अतिसूक्ष्म चिखल साचून, दाबला जाऊन तयार झालेला पापुद्र्यांचा खडक. स्पिती शेल हा जुरासिक कालखंडाच्या उत्तरार्धातील, म्हणजे स्थूलमानाने १६ कोटी ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा शैलसमूह असून तो केवळ स्पिती खोऱ्यापुरता मर्यादित नाही. गढवाल आणि कुमाऊँ यांच्या उत्तर सीमेवर, नेपाळच्या उत्तर भागात व दक्षिण तिबेटात, अशा रीतीने हिमालयाच्या मागील बाजूने तो शेकडो किलोमीटर आढळत जातो. मात्र तो सर्वत्र सलग उघडा नाही. हा खडक मऊ असल्यामुळे हिमालयाच्या उत्थानाच्या वेळी तो वरखालच्या कठीण थरांमध्ये चेंगरला गेला आहे. म्हणून त्याची जाडी कोठे फार, तर कोठे अगदीच थोडी भरते.

मराठी वाचकास हा खडक नावाने अपरिचित असला, तरी त्याचा एक तुकडा त्याने बहुधा पाहिलेला असतो. पंचायतन पूजेत विष्णूचे प्रतीक म्हणून ठेवला जाणारा आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नाच्या वेळी मांडला जाणारा शाळिग्राम नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रातून येतो. ही नदी मुक्तिनाथाच्या परिसरात ज्या काळ्या खडकातून वाहते, तो खडक म्हणजे स्पिती शेलचाच नेपाळातील भाग होय. नदी मऊ शेल धुऊन नेते. त्यातील टणक गोळे मात्र सहजासहजी झिजत नाहीत. ते प्रवाहाबरोबर गडगडत, घासले जात गुळगुळीत होतात. त्यांपैकी ज्यांच्या पोटात शंख असतो, त्यांच्यावर चक्राची आकृती दिसते.

शाळिग्रामाची परीक्षा करणाऱ्या जुन्या जाणत्यांनी ह्या दगडांचे निरीक्षण फार बारकाईने केलेले होते. चक्रे किती, ती बाहेर आहेत की छिद्राच्या आत, दगडात सोनेरी रेषा आहे किंवा नाही, ह्या लक्षणांवरून शाळिग्रामाचे अनेक प्रकार त्यांनी ठरविले. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून ही चक्रे कोरतो, अशी समजूत पुराणग्रंथांत आढळते. कोरणारा कीटक कोणी नव्हता, हे आता ठाऊक झाले आहे. परंतु चक्राचा संबंध एखाद्या सजीव प्राण्याशी आहे हा तर्क चुकीचा नव्हता. इंग्लंडमध्ये व्हिटबी येथे किनाऱ्यावरील जुरासिक खडकांत असेच वेटोळे सापडतात. सेंट हिल्डा ह्या साध्वीने सापांचे दगड केले, अशी कथा तेथील लोकांनी रचली. त्या मानाने भारतीय कल्पना सत्याच्या अधिक जवळ होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या शंखाच्या प्राण्यास अमोनाइट म्हणतात. आमोन ह्या ईजिप्ती देवतेच्या मस्तकावर मेंढ्याची वळणदार शिंगे दाखवीत, त्यावरून हे नाव पडले. शंख गोगलगाईच्या शंखासारखा वाटला, तरी अमोनाइट हा गोगलगाईचा निकटचा आप्त नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात येणारे म्हाकूल, तसेच अष्टपाद, हे त्याचे खरे भाऊबंद होत. गोगलगाईचा शंख आतून सलग पोकळ असतो. अमोनाइटाच्या शंखात आडवे पडदे असून त्यांच्यामुळे ओळीने अनेक कोठ्या तयार झालेल्या असतात. प्राणी राहत असे तो केवळ सर्वांत बाहेरच्या, शेवटच्या कोठीत. शरीर वाढले, की तो पुढे सरके आणि मागे एक नवा पडदा घाली. मागील रिकाम्या कोठ्यांतून एक बारीक नलिका गेलेली असे. तिच्या साहाय्याने कोठ्यांतील पाणी शोषून घेऊन त्यांत वायू भरला जाई, आणि त्यायोगे जड कवच असूनही प्राणी पाण्यात तरंगत राहू शके. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत आजही आढळणारा नॉटिलस ह्याच युक्तीने तरंगतो, म्हणूनच अमोनाइटाच्या जीवनक्रमाविषयी एवढ्या निश्चितपणे बोलता येते.

प्रत्येक पडद्याची कड जेथे शंखाच्या भिंतीला मिळते, तेथे एक रेषा उमटते. तिला शिवणरेषा म्हणतात. नॉटिलसची शिवणरेषा साधी, मंद वळणाची असते. जुरासिक अमोनाइटाची शिवणरेषा मात्र कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली असते. बाहेरचे कवच विरघळून केवळ आतील चिखलाचा साचा उरला, की ही नक्षी उघडी पडते. शाळिग्रामाच्या पृष्ठभागावर नाजूक वेलबुट्टी दिसते ती बहुधा हीच. जातीजातीत ही नक्षी निराळी असल्यामुळे अभ्यासकास ती हस्ताक्षरासारखी उपयोगी पडते.

स्पिती शेलमध्ये अमोनाइटांखेरीज बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, टोकदार, लांबट दगडही पुष्कळ सापडतात. हे बेलेम्नाइट, म्हाकुलासारख्या प्राण्यांच्या शरीराच्या आत असलेला कठीण भाग. काही थरांत द्विपुट शिंपल्यांची दाटी असते. प्राण्यांचा हा मेळ आणि चिखलाचा बारीकपणा एकत्र ध्यानात घेतला, म्हणजे तेथील समुद्राचे चित्र बरेचसे उभे राहते. किनाऱ्याच्या लाटांनी ढवळलेला, वाळूचा, उथळ असा तो तळ नव्हता. शांत आणि किनाऱ्यापासून काहीसा दूर असा तो सागरतळ होता. खडकाचा काळा रंग प्रामुख्याने त्यात कुजून न गेलेल्या सेंद्रिय द्रव्याचा आहे. तळाच्या चिखलात प्राणवायू भरपूर असता, तर ते द्रव्य नष्ट झाले असते आणि खडक करडा किंवा तांबूस झाला असता.

आता त्या टणक गोळ्यांकडे वळले पाहिजे, कारण स्पिती शेलचे सारे महत्त्व त्यांच्यावर अवलंबून आहे. भूविज्ञानात त्यांना संधिते म्हणतात. एखादा अमोनाइट मेला आणि त्याचा शंख तळाच्या चिखलात रुतला, की त्याच्या मऊ शरीराचे विघटन सुरू होई. प्राणवायूच्या अभावी हे काम निराळ्या जातीचे जीवाणू करीत. ते समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरीत आणि त्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होई. हा वायू चिखलातील लोहाशी संयोग पावला, की पायराइट हे पितळेसारखे चमकणारे खनिज तयार होते. शाळिग्रामातील सोनेरी रेषा बहुधा ह्या पायराइटचीच असते. त्याच विघटनामुळे शंखाभोवतीच्या पाण्याचे रासायनिक गुणधर्म बदलत आणि चिखलाच्या कणांमध्ये खनिजे साचून ते कण सिमेंट घातल्याप्रमाणे जखडले जात. अशा रीतीने मृत प्राण्याभोवती दगडाची पेटी तयार होई.

ही पेटी केव्हा तयार झाली, हेदेखील खडकावरून सांगता येते. गोळ्याच्या वरचे आणि खालचे शेलचे पापुद्रे त्याला वळसा घालून वाकलेले असतात. गोळ्याच्या आतील शंख भरीव आणि फुगीर राहिलेला असतो, तर शेजारच्याच शेलमध्ये, गोळ्याबाहेर राहिलेला शंख कागदासारखा चपटा झालेला आढळतो. ह्याचा अर्थ असा, की वरून पडत गेलेल्या गाळाच्या भाराने चिखल दबू लागण्यापूर्वीच गोळे टणक बनलेले होते. भूवैज्ञानिकास कोणतेही उपकरण न लावता, केवळ डोळ्यांनी पाहून मिळणाऱ्या पुराव्यांत ह्याच्याइतका समाधानकारक पुरावा थोडाच आढळेल.

स्पितीच्या जीवाश्मांची शास्त्रीय वार्ता प्रथम दिली, ती बंगाल सैन्यातील शल्यवैद्य जेम्स गेरार्ड याने. त्याचा स्पिती खोऱ्यावरील लेख १८३३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८५४ ते १८५७ ह्या काळात भारतात आणि मध्य आशियात प्रवास करणाऱ्या श्लागिनट्वाइट बंधूंनी बरेच नमुने गोळा केले. त्यांपैकी आडोल्फ काश्गर येथे १८५७ मध्ये मारला गेला, पण त्यांचा संग्रह जर्मनीत पोहोचला आणि म्यूनिक येथील आल्बेर्ट ओपेल ह्याच्या हाती आला. हा योगायोग मोठा शुभ ठरला. कारण खडकांचे थर अमोनाइटांच्या जातींवरून बारीक विभागांत वाटता येतात, हे १८५६ ते १८५८ च्या सुमारास यूरोपातील जुरासिक खडकांच्या आधारे ज्याने पद्धतशीरपणे दाखवून दिले, तो अभ्यासक ओपेलच होय. त्याने स्पितीच्या एका बेलेम्नाइटास गेरार्डचे नाव दिले. शेलच्या तळाकडील थरांची खूण म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन थरांचा क्रम लावण्याचे कार्य भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या फेर्डिनांड स्टोलिच्का ह्याने केले. मोराव्हियात १८३८ साली जन्मलेला हा तरुण १८६२ मध्ये संस्थेत दाखल झाला आणि १८६४ साली सतलजच्या खोऱ्यातून स्पितीत गेला. काळा शेल, त्याच्यावरील ग्यूमल वालुकाश्म आणि त्याच्याही वरचा चिक्किम चुनखडक ही नावे त्याच्या अहवालाने रूढ झाली. ग्यूमल आणि चिक्किम ही स्पितीतीलच खेडी आहेत. पुढे १८७४ मध्ये यार्कंदच्या मोहिमेवरून परतत असताना ह्या विद्वानाचा उंच प्रदेशात मृत्यू झाला. त्याचे स्मारक लेह येथे आहे. स्पितीच्या साऱ्या खडकांचे सविस्तर वर्णन हेन्री हेडन याने १९०४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि शेलमधील जीवाश्मांचा प्रचंड ग्रंथ व्हिक्टर ऊलिग याने १९०३ ते १९१० ह्या काळात सिद्ध केला.

ऊलिगच्या ग्रंथात जातींची वर्णने आणि चित्रे अत्यंत काळजीपूर्वक दिलेली आहेत. तथापि त्यात एक मोठी उणीव राहून गेली, आणि ती लेखकाच्या हातची नव्हती. त्याच्यापुढे आलेल्या नमुन्यांपैकी पुष्कळ नमुने निरनिराळ्या प्रवाशांनी उतारावरून, ओढ्यांतून उचलून आणलेले होते. ते शेलच्या नेमक्या कोणत्या थरातून निघाले, ह्याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. अमोनाइटांच्या जाती भराभर उदयास येत व भराभर लोप पावत. त्यांचे शंख समुद्रात दूरवर पसरत. म्हणून एक जात म्हणजे काळाचा एक लहानसा तुकडा, पुष्कळदा दहा लाख वर्षांहूनही कमी कालावधीचा. हे तुकडे कोणामागून कोण, हे मात्र खडकातच पाहावे लागते : खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पुस्तकाची पाने सुटी होऊन मिसळली आणि त्यांवर पृष्ठांक नसले म्हणजे जी अवस्था होते, तीच ऊलिगच्या संग्रहाची झाली होती. प्रत्येक पान वाचता येत होते, पण कथा लागत नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूवैज्ञानिकांनी स्पितीत आणि नेपाळात पुन्हा जाऊन, थर मोजीत, प्रत्येक थरातून स्वतः नमुने काढीत हा क्रम बऱ्याच अंशी जुळवून आणला.

येथे एक शंका साहजिकच उद्‌भवते. अमोनाइट केवळ क्रम सांगतात; मग 'कोटी वर्षे' हा आकडा कोठून येतो? शेल हा अन्य खडकांची झीज होऊन आलेल्या कणांचा बनलेला असल्यामुळे त्या कणांचे वय काढले, तरी ते मूळ खडकाचे वय निघेल, गाळाचे नव्हे. परंतु जगात अन्यत्र काही ठिकाणी अमोनाइट असलेल्या थरांच्या मध्ये ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडतात. राखेतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा क्षय निश्चित गतीने होत असल्यामुळे तिचे वय मोजता येते. ज्या थरांमध्ये ती राख आहे, त्यांतील अमोनाइटांचा काळ त्यावरून ठरतो आणि त्याच किंवा निकटच्या जाती स्पितीत आढळल्या, की तो काळ तेथेही लागू होतो. शेलच्या वरच्या भागातील अमोनाइट जुरासिक कालखंडाच्या अखेरच्या विभागाचे आहेत. त्या विभागास टिथोनियन हे नाव १८६५ साली दिले, तेही ओपेलनेच.

ह्या समुद्राचे नाव टेथिस. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस ह्याने १८९३ साली ते योजिले. आल्प्सपासून हिमालयापर्यंतच्या पर्वतरांगांत सागरी खडक सापडतात, त्यावरून तेथे पूर्वी एक विस्तीर्ण समुद्र असला पाहिजे, हे त्याने ओळखले. तो समुद्र नाहीसा कसा झाला, ह्याचे समाधानकारक उत्तर मात्र भूपट्टांच्या हालचालींचा सिद्धान्त १९६० नंतरच्या दशकात पुढे आल्यावरच मिळाले. जुरासिक काळी भारत हा दक्षिण गोलार्धात, गोंडवनभूमी ह्या महाखंडाचा भाग होता. त्याच्या उत्तरेकडील सागरमग्न कडेवर स्पितीचा चिखल साचत होता. म्हणजे हा गाळ भारताच्याच अंगणातील आहे. तो आशियाकडून आलेला नाही. पुढे गोंडवनभूमी दुभंगली, भारत उत्तरेकडे सरकत गेला, मधला सागरतळ आशियाखाली बुडत गेला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंडे एकमेकांस भिडली. भारताच्या उत्तर कडेवरील गाळ वर ढकलला गेला, त्याच्या घड्या पडल्या, आणि सागरतळ हिमरेषेजवळ जाऊन पोहोचला. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोच आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकही सागरी आहे, आणि तो स्पिती शेलहून कितीतरी जुना आहे.

गोंडवनभूमीच्या कडेविषयीचे हे विधान केवळ कल्पनेवर उभारलेले नाही. स्पितीच्या अमोनाइटांशी आणि बेलेम्नाइटांशी मिळतेजुळते जीवाश्म इंडोनेशियातील सूला बेटांत आढळतात. कच्छच्या जुरासिक खडकांतील अमोनाइटांशीही त्यांचे नाते दिसून येते. भारताच्या पश्चिम कडेवर त्याच काळी आत शिरलेल्या दुसऱ्या एका समुद्राचे अवशेष तेथे आहेत. आज एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या ह्या प्रदेशांचे किनारे त्या वेळी एकाच महाखंडाभोवती होते, हे मान्य केले म्हणजे ह्या साम्याचा उलगडा होतो. महाराष्ट्रात जुरासिक काळचा सागरी खडक उघड्यावर कोठेही नाही. तथापि अमोनाइटांच्या कथेचा शेवट महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अमोनाइटांचे शेवटचे वंशज पृथ्वीवरून नाहीसे झाले, आणि त्याच सुमारास सह्याद्रीचे काळे पाषाण लाव्ह्याच्या रूपाने दख्खनवर पसरत होते. त्या संहारात अशनीच्या आघाताचा वाटा मोठा होता, ह्याविषयी आता बहुतेक शास्त्रज्ञांचे एकमत आहे. लाव्ह्याचा वाटा किती, ह्यावर मात्र अद्याप वाद चालू आहे.

स्पितीचा मार्ग प्रवाशांना सुलभ झाल्यापासून लांगझा परिसरातील जीवाश्मांना एक नवे गिऱ्हाईक लाभले आहे. गोळे फोडून अमोनाइट विकणे, किंवा प्रवाशाने स्वतःच चार-दोन खिशात टाकून नेणे, हे वारंवार घडू लागले. उतारावर सुटा पडलेला गोळा आधीच आपल्या थरापासून दुरावलेला असतो, त्यामुळे त्याच्या जाण्याने होणारी हानी मर्यादित असते. मात्र विक्रीसाठी खडक खणून गोळे काढले जातात, तेव्हा गोष्ट निराळी होते. तेव्हा ऊलिगच्या संग्रहात घडला, तोच प्रकार पुन्हा घडतो. फरक एवढाच, की ऊलिगचे नमुने निदान संग्रहालयात राहिले आणि त्यांची चित्रे छापली गेली.

थरातून रीतसर काढलेल्या नमुन्यावर भूवैज्ञानिक लगेच शाईने क्रमांक घालतो. वहीत त्या क्रमांकापुढे जागा, शेलच्या तळापासूनची उंची, गोळा थरात कसा बसला होता आणि शेजारी आणखी कोणते जीवाश्म होते, ह्यांची नोंद होते. दिवसभरात असे वीस-पंचवीस नमुने झाले, तरी काम चांगले झाले असे तो समजतो. संध्याकाळी ते गोळे कागदात गुंडाळून पोत्यात भरले जातात. वही मात्र पोत्यात ठेवीत नाहीत, ती त्याच्या खिशात असते.